एक शोधनिबंध कमी

बोईसर स्टेशनसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात उत्कर्षा आपल्या कागदांच्या प्रती काढायला गेली होती. तिच्या पुढे एक माणूस उभा होता आणि त्याचं काम काही संपत नव्हतं. इतक्यात गेलेली वीज आली, पंखा फिरला… आणि त्याची पन्नासेक पानं जमिनीवर.

"पानांना नंबर नाहीत?" गोळा करायला खाली वाकत तिने विचारलं.

"घरी जाऊन घालणार होतो."

"आधी नंबर घालायचे, मग झेरॉक्स काढायची."

"आता कळलं," तो म्हणाला. बोलणं साधंच, पण डोळे हसरे होते.

दोघं बाकावर बसून पानं लावू लागली. "सगळीकडे बोंबीलच आहेत," ती म्हणाली. "फक्त हे पान वेगळं वाटतंय."

"ती मांदेली. तुम्ही ओळखलीत, बरं वाटलं." मग त्याने रांगेतला आपला नंबर तिला दिला आणि स्वतः मागे उभा राहिला. नाव दोघांपैकी कोणीच विचारलं नाही.

चार दिवसांनी तीच पानं एका फाईलमध्ये पालघरच्या कॉलेजात तिच्या टेबलावर आली. डॉ. निमेश तांडेल, प्राणिशास्त्र, सहयोगी प्राध्यापकपदासाठी अर्ज. उत्कर्षा गुणवत्ता कक्षात त्याच आठवड्यात रुजू झाली होती. बढतीच्या प्रत्येक फाईलमधला दावा नियमाशी ताडून 'पात्र' किंवा 'अपात्र' लिहायचं, हे तिचं काम. बढतीची समिती सहसा कक्षाने लिहिलेलंच मान्य करायची.

शोधनिबंध आलेले छापील अंक दाखवायला तिने त्याला बोलावलं. त्याने एक अंक आणला. दुसऱ्या दिवशी दुसरा. तिसऱ्या दिवशी तिसरा.

"सगळे एकदम का आणत नाही?"

"जड असतात."

"बत्तीस पानांचा अंक?"

तो खिडकीबाहेर बघत राहिला. "…हो."

ती मान खाली घालून नोंद करत राहिली. पण त्या दिवशी तिने तारीख दोनदा चुकवली.

अर्जात दाखवलेलं गावातलं काम प्रत्यक्ष बघायचं असतं, म्हणून शनिवारी ती त्याच्या गावी, नवापूरला गेली. किनाऱ्यावर बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत होते, वाऱ्याला खारट, उग्र वास होता. निमेशची आई हंसाबाई मासळीच्या पाट्या धूत होती. रोज पहाटे ती बोईसरच्या बाजारात मासे विकायला बसायची.

"तुला पास-नापास करणारी ती हीच काय?" तिने मुलाला विचारलं.

"आई—"

"जेवून जा गं. आमी सगल्यांनाच बसवतो, त्यात काय लाच नाय."

"नको, पाणी चालेल," उत्कर्षा म्हणाली.

"पान्याचं पन कागदावर लिवशील?"

उत्कर्षाला हसू आवरेना. निमेश मात्र तिच्याकडेच बघत होता, आणि तिने ते बघितलं तरी त्याने नजर वळवली नाही.

तिथेच दातिवऱ्याची मेघाली भेटली, त्याची विद्यार्थिनी. तीन वर्षं सरांनी शिकवलं, नावेवर सोबत आले, म्हणून आपला निबंध छापून आला, असं तिने अभिमानाने सांगितलं.

सोमवारी उत्कर्षाने यादी पुन्हा तपासली. नियमाप्रमाणे सात शोधनिबंध लागत होते. निमेशच्या सातांपैकी एकाचं नियतकालिक तो छापून येण्याआधीच मान्य यादीतून गळलं होतं. त्याने ते बघितलंच नव्हतं. उरले सहा. आणि मेघालीच्या निबंधावर त्याचं नाव नव्हतं.

तिने त्याला बोलावून सांगितलं. "मार्गदर्शक म्हणून तुमचं नाव लागू शकतं. संपादकांना पत्र लिहा. दुरुस्ती छापतील."

"मोजणी तिने केली, लिहिलंही तिने. शिकवण्याचा मला पगार मिळतो."

"हा पगार वाढला असता."

"माहीत आहे." तो थोडा थांबला. "या वर्षी आईला बाजार बंद कर म्हणणार होतो."

"मला अपात्र लिहावं लागेल."

"लिहा ना. खोटं कशाला लिहिता?"

तिने लिहिलं: एक शोधनिबंध कमी. अक्षर नीट आलं. त्याच दुपारी फाईल घेऊन ती प्राचार्या रुचिता मॅडमकडे गेली आणि ती दुसऱ्या कोणाकडून पुन्हा तपासून घ्या, अशी विनंती केली. मॅडमनी एक पान दोनदा वाचलं, चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं आणि सही केली. कक्षातल्या बळवंत सरांनी फाईल तपासली. त्यांचेही सहाच भरले.

बढती नाकारल्याचं पत्र निमेशला गेलं. त्यानंतर नऊ दिवस तो कक्षाकडे फिरकला नाही. दाराशी पाऊल वाजलं की उत्कर्षा मान वर करायची. कधी शिपाई असायचा, कधी कोणी विद्यार्थी. आपण बरोबर तेच केलं हे तिला पटत होतं, तरी डबा तसाच परत जात होता.

दहाव्या दिवशी तो आला.

"रागावलात?" तिने विचारलं.

"दोन दिवस. पुढचे सात दिवस हे वाचत होतो." त्याने एक कागद तिच्यासमोर ठेवला. निकालाबरोबर उमेदवाराला सगळ्या कागदांच्या प्रती मिळतात, हे ती विसरलीच होती.

तपासणाऱ्यासाठी छापील प्रश्न होता: उमेदवाराशी आपले नातेसंबंध आहेत काय? खाली तिचंच अक्षर: 'अजून नाहीत. पण माझ्या मनात आहे. म्हणून ही फाईल दुसऱ्यांकडून तपासून घ्यावी.'

तिचे कान तापले. "नियमाप्रमाणे… खरं ते लिहावं लागतं."

"मॅडमनी सही केलीय खाली."

"हो."

"बळवंत सरांनीही वाचलं असेल."

"असेल." तिने कागदाची घडी घातली, मग उलगडली. "पुढच्या वर्षी परत अर्ज करा. सातवा तयार ठेवा. पण तेव्हा मी तपासणार नाही."

"का?"

"नातेवाइकाची फाईल तपासता येत नाही."

निमेशने खुर्ची ओढली आणि तो बसला. बाहेर तासाची घंटा झाली, मुलांचा गलका उठला आणि विरला.

"शनिवारी आईला घेऊन तुमच्याकडे आलो तर चालेल?" त्याने हळूच विचारलं.

"चारला या," उत्कर्षा म्हणाली. "बाबा पहिल्या पाळीला असतात, तीनला घरी येतात."