पथारीवरची डावखुरी

मला तो पहिल्यांदा दिसला, तेव्हा शिंकत होता. एक नाही, दोन नाही... पिकअपचा फाळका धरून नुसता शिंकतच होता! कोरीटहून ओल्या लाल मिरचीची गाडी भरून वत्सलामावशीच्या पथारीवर, म्हणजे मिरची वाळवायच्या रानावर आलेला हा शेतकरी, आणि मिरचीलाच शिंकतो? मी ओढणीत तोंड लपवून हसले.

“हसाले काय व्हयनं?” डोळे पुसत त्याने विचारलं.

“सोताच मिरची पिकाडतस, आन् सोताच शिंकतस?”

“मिरचीले मी आवडत नही,” तो म्हणाला. “बाकी सगळास्ले आवडस.”

आगाऊच होता! काहीतरी ठसक्यात उत्तर द्यावं म्हणून मी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात माझं पोट बोललं. गुर्रर्र... चांगलं लांबलचक. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

“भूक लागनी का?” त्याचा आवाज एकदम मऊ झाला. उत्तराची वाटही न बघता तो गाडीकडे गेला आणि कागदात बांधलेली कांदाभजी घेऊन आला. मी डावा हात पुढे केला.

“डावखुरी शे का?”

“हा,” मी म्हणाले.

साफ खोटं. उजवा हात ओढणीखाली पोटावर होता, आणि तो तिथून काढायची माझी हिंमत नव्हती. कारण ती भूक नव्हती.

पावसाळ्यात टायफॉइडने माझं आतडं फुटलं. सुरतच्या दवाखान्यात डॉक्टरांनी जीव वाचवला, पण लहान आतड्याचं तोंड पोटावर उजवीकडे काढून ठेवलं. लालसर, ओलं, बोराएवढं. त्यावर पिशवी. शी तिच्यात जमते, केव्हाही, मला न विचारता. आवाजही तिथूनच येतो. सिस्टरने पिशवी कशी रिकामी करायची, कशी बदलायची ते शिकवलं, तेव्हा मी अर्धे डोळे मिटूनच शिकले. घरी आल्यावर आरसा उलटा करून ठेवला. मला माझीच किळस यायची. आईने तपासणीला सुरत जवळ पडावं म्हणून नंदुरबारला मावशीकडे ठेवलं, आणि मावशीने शेजारपाजारी सांगितलं, पोरगी तापातून उठलीय.

मावशीच्या घराला लागून तिची पथारी. मोकळ्या रानावर लांबच लांब लाल मिरची वाळत घातलेली. तिथे प्रत्येकाच्या तोंडाला फडकं, प्रत्येकाच्या डोळ्यांत पाणी. तिथे कुणाला कसलाही दुसरा वास येत नाही! म्हणून मी दिवसभर तिथेच निंबाखाली देठ खुडत बसायचे. सगळ्यांना वाटायचं, मोहिनी किती कामाची आहे.

तो शिंकणारा, ललित, येतच राहिला. मिरची असली की मिरची घेऊन, नसली की वजनाची चौकशी घेऊन. आणि दर वेळी खायला काहीतरी. कधी भजी, कधी कचोरी, कधी शेव. मावशी मला उपाशी ठेवते अशी त्याची पक्की समजूत झाली होती. बिचारी मावशी!

“चाल ना, गावमा आइस्क्रीम खाई येऊत,” तो म्हणायचा.

“आठेच बरं शे.” मी पथारीवरून हलायला तयार नसायचे.

“आठे? आठे तर डोयामा आग व्हस!”

“व्हऊ दे. तू रडस तवय चांगला दिसस.”

मग तो मुद्दाम डोळे चोळायचा, आणि माझ्या गालांना ऊन लागायचं. रात्री त्याचे मेसेज यायचे, “जेवनी का?” मी हसत हसत उशी तोंडावर घ्यायचे... आणि कूस बदलताना हात पिशवीला लागायचा. हसू तिथेच थांबायचं. कोण बाई तू, आणि कसली स्वप्नं बघतेस, असं मी मलाच म्हणायचे.

मिरचीचा हंगाम सरला. पोती गेली, बाया गेल्या, पथारी झाडून स्वच्छ झाली. त्या उघड्या रानावर मला एकदम नागडं झाल्यासारखं वाटलं. नेमका तेव्हाच त्याचा मेसेज आला: “बापा होळीना आगोदर पोरी दखाडाले लई जाई ऱ्हायना. तुन्हं नाव सांगू का?”

मावशीला दाखवला. ती हरखली, आणि मग आवाज खाली आणून म्हणाली, “आते काही सांगू नको. पुढे डॉक्टर जोडी देतीन. लगीन व्हई जाऊ दे.”

आतडं परत जोडता येईल की नाही, हे डॉक्टरही अजून सांगत नव्हते. आणि उद्या ललितची आई मला बघायला येणार, माझ्या हातचा चहा पिणार... नाही. त्याला फसवून मिळवायचं तर मिळवूच नये. दोन दिवस रडून मी त्याला बोलावलं.

तो भजी घेऊनच आला. निंबाखाली बसला. वाऱ्याने मिरचीचा भुगा तेवढा उडत होता. मी तोंड उघडायच्या आत माझं पोट बोललं. त्या शांततेत केवढं ऐकू आलं!

“दख, भूक!” तो हसला.

“ती भूक नाही, ललित.”

पुढचं मला आमच्या बोलीत सांगताच येईना. सिस्टर सांगायची तसं पुस्तकी मराठीत सांगून टाकलं, मान खाली घालून. “माझ्या आतड्याचं तोंड पोटावर काढलंय. तिथून शी बाहेर येते. पिशवीत. कदाचित पुढे बरं होईल, कदाचित कायमचं राहील. वास येईल म्हणून मी इथेच भेटत होते. पथारीवर यायच्या आधी पिशवी भरू नये म्हणून काही खात नव्हते. झालं.”

तो उठला. भजीचा कागद उचलला आणि चालू लागला. मी बघितलंसुद्धा नाही. पिकअपचं दार उघडल्याचा आवाज आला. बरोबरच आहे, मी मनाशी म्हणाले, जा बाबा. गाडी सुरू व्हायची वाट बघत बसले...

गाडी सुरू झाली नाही. तो परत माझ्यासमोर येऊन बसला. हात रिकामे.

“भज्या कुत्राले टाकी दिन्ह्यात,” तो म्हणाला. “इतला दिन मी तुले तेलकट चारी ऱ्हायनू. तरास व्हयना का?”

“व्हयना,” मी म्हणाले. “पन... चांगलं बी वाटे.”

“खरं सांगू? मले भ्याव वाटी ऱ्हायनं. यामधलं मले काहीच समजत नही. मायले कसं सांगू, ते बी माहीत नही.” त्याने नाक ओढलं. “पन वासनं म्हनशी, तर मन्हं नाक दिवाळीपासून चोंदेल शे!”

मला हसूही आलं आणि रडूही, आणि दोन्ही एकदमच आल्यामुळे फारच वाईट दिसत असणार. जे मी सगळ्या जगापासून लपवलं, ते ज्याच्यापासून सर्वांत जास्त लपवलं, त्याला वासच येत नव्हता!

“मंग तुले चालस तरी काय?”

“भात. ताक. केळं.”

“केळं?” तो माझ्याकडे बघतच राहिला. “आमनी सगळी बागच केळीनी शे! घरनं केळं पोरीले काय देवानं, लाज वाटे मले. म्हनीसन बजारमाइन भज्या इकत लयनू...”

म्हणजे इतके दिवस आम्ही दोघंही एकमेकांना लाजत होतो, आणि उपाशी राहत होते मी. तो पुन्हा गाडीकडे गेला, यावेळी जवळजवळ पळत, आणि सीटमागून केळ्यांची फणी घेऊन आला. माझं पोट परत बोललं. तो फक्त माझ्याकडे बघत राहिला, विचारू की नको अशा तोंडाने.

“आते खरंच भूक लागनी,” मी म्हणाले.

त्याने केळं सोललं आणि सवयीने माझ्या डाव्या हाताशी धरलं. मी ओढणीखालचा उजवा हात पोटावरून उचलला, आणि तो पुढे केला.