एक दुरुस्ती बाकी

मंगळवार, सकाळचे दहा वाजून वीस मिनिटं. जुन्नरच्या बाजारपेठेत तय्यबभाईंच्या तराजूदुरुस्तीच्या दुकानात एक तरुण शिरला आणि त्यानं खांद्यावरची बॅग समोरच्या वजनकाट्यावर ठेवली.

“उचला,” इफरा म्हणाली. “आत्ताच शून्यावर आणलाय.”

त्यानं घाईनं बॅग उचलली. बाहेरच्या भुरभुर पावसानं त्याचे केस ओले झाले होते. तो अनस, पेठ गावचा. मामाच्या किराणा दुकानातला तराजू घेऊन आला होता.

“दुकान शोधायला अर्धा तास गेला,” तो म्हणाला. “तीन जणांनी तीन वाटा सांगितल्या. तुमची वेबसाइट नाही?”

“तराजूवाल्यांची?”

“मी करून देतो. तेच काम आहे माझं.”

आतून तय्यबभाई हसले. “कर की राव. गिऱ्हाईक लई घटलंय. पण सगळं हिला दाखवायचं. ही माझी लेक अर्धा ग्रॅम बी सोडत न्हाई.”

अनसला ते शुक्रवारीच कळलं. साइटच्या पहिल्या पानावर त्यानं ‘शंभर टक्के अचूक’ लिहिलं होतं. इफरानं त्यावर बोट ठेवलं.

“असं काही नसतं. थोडा फरक कायद्यानंही धरलाय. तेवढा लिहा.”

“गिऱ्हाईक पळेल.”

“पळू द्या.”

त्यानं क्षणभर तिच्याकडे पाहिलं… आणि ओळ पुसली. वाद घातला नाही. इफराला ते आवडलं, पण तिनं मान वर केली नाही.

मग तो मंगळवारी आणि शुक्रवारी येऊ लागला. ती साइटमधल्या दुरुस्त्यांची यादी करून ठेवायची. आधी सतरा, मग नऊ, मग चार. पितळी तराजूच्या फोटोत काटा केसभर डावीकडे होता. “काटा मधोमध हवा,” ती म्हणाली. अनस गुडघ्यांवर बसला आणि त्यानं चाळीस फोटो काढले.

“श्वास तरी घ्या.”

“घेतला तर पारडं हलेल.”

ती हसली. तोवर तिला हसताना त्यानं पाहिलं नव्हतं. मोबाइल खाली घ्यायचं त्याला सुचलं नाही.

एकदा त्यानं न विचारता एक ओळ घातली— ‘येथील तराजू इफरा तय्यब दुरुस्त करतात.’

“हे कुणी सांगितलं लिहायला?”

“दुकानावरच्या पाटीवर तुमचं नाव नाही. पण वजनांत भरायचं शिसं तुमच्याच हाताला लागलेलं असतं.”

ती ओळ तिनं दोनदा वाचली. दुरुस्त्यांच्या यादीत घेतली नाही.

सोमवारपासून अनसची पुण्यात नोकरी सुरू होणार होती. त्याआधीच्या मंगळवारी त्यानं लॅपटॉप तिच्यापुढे सरकवला. “बघा. तुमचा होकार आला की साइट चालू.”

इफरानं पानं उलटली. चूक सापडेना. रंग भडक आहे, अक्षर बारीक आहे, असं काहीही म्हणता आलं असतं. मग तो परत आला असता. पण या दुकानात खोटं वजन कुणी सांगितलं नव्हतं, तिनं तर नाहीच. ती शेवटच्या पानावर पोचली आणि थांबली.

“हा जुना फोटो आहे. काटा डावीकडे.”

“हो.”

“चुकून राहिला?”

“नाही.” पत्र्यावरून थेंब ठिबकत होते. “चांगले एकोणतीस आले होते. पण दुरुस्त्या संपल्या की मला इथं यायला काही कारण नाही… म्हणून एक ठेवली. तुम्हाला दिसणार, हे माहीत होतं.”

इफरानं कागद ओढला, एक ओळ लिहिली आणि घडी न घालता त्याच्यापुढे धरला. ‘काटा मधोमध करणे. शुक्रवारी या, अम्मींना घेऊन.’

तो गेल्यावर ती आत गेली. “अब्बा, शुक्रवारी अनसच्या अम्मी येणार आहेत.”

“काय मोडलंय त्यांचं?”

“काहीच नाही.”

तय्यबभाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. लेकीकडे पाहिलं.

शुक्रवारी चार वाजेपर्यंतही त्यांनी हो की नाही, काही म्हटलेलं नव्हतं. फक्त बाकावरची वजनं उचलून खाली ठेवली होती… दोघांपुरती जागा झाली होती. साइट अजून बंदच होती.

चार वाजून दहा मिनिटांनी अनसचा मेसेज आला: ‘नारायणगावात आहोत. अम्मी पुढच्या सीटवर बसल्यात. जीपवाला म्हणतो, अजून दोन माणसं आल्याशिवाय निघणार नाही.’