पहिल्या रांगेतली खुर्ची

बुधवारी सकाळी स्यू फाइकने जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला, आजोबांची काळी हार्ड डिस्क त्याला जोडली आणि टेबलापाशी असलेली एकुलती खुर्ची ओढून बसली.

"अमा, तासाभराचं काम आहे," ती आजीला म्हणाली.

तासाभराचं काम म्हणणारी माणसं गेक चूने सत्तर वर्षं पाहिली होती. तिने फक्त कॉफीचं पाणी चढवलं.

मलेशियातल्या बुकित मर्ताजामच्या चिनी संगीत नाटक मंडळीत गेक चू तीस वर्षं राणी झाली. शाळा दोन इयत्ता, पण तीन-तीन तासांची नाटकं तोंडपाठ. नवरा केंग हुई टायरच्या दुकानात होता. पन्नाशीत त्याने कॅमेरा घेतला आणि मग तिचा एकही खेळ सोडला नाही. पण बघितला म्हणावा तर तसंही नाही. सगळा वेळ बॅटरी संपतेय का, वायर सुटतेय का, यातच जीव. "निवांत झालो की शेजारी शेजारी बसून सगळी नाटकं बघू. तुझी जागा मी धरून ठेवतो," असं म्हणायचा. जागा धरण्यात त्याचा हात कोणी धरला नसता. बाजारात खायला गेले की गेक चू गर्दीतून वाट काढेपर्यंत ह्याचा निळ्या काठाचा रुमाल खुर्चीवर पडलेला असायचा.

निवांत व्हायच्या आधीच गेल्या साली तो गेला. मागे ही डिस्क राहिली, एकतीस नाटकांची. कॅमेऱ्यामागे बसून तो खोकायचा, टरबुजाच्या बिया दातांनी फोडायचा, ते सगळं त्यात आलं होतं. त्याचा आवाज म्हणून जगात तेवढाच उरला होता. आता ती नाटकं लॅपटॉपवर उतरवून घ्यायची होती. गेक चू मात्र सगळ्यांना सांगायची, मंडळीतल्या नव्या पोरींना शिकायला हवीत म्हणून.

तास झाला. पडद्यावरची कॉपीची पट्टी केसभरही सरकली नव्हती.

तळमजल्यावर झुलकर्नैनचं मोबाइल-कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. पन्नाशीचा, शांत माणूस. गळ्यात केबलची माळ घालून तो वर आला. डिस्कला कान लावला आणि तोंड वाकडं केलं.

"आंटी, म्हातारी झालीय डिस्क."

"मीही झालेय. माझी केबल कोणी बदलत नाही."

झुल हसला आणि कामाला लागला. आधी केबल बदलली. मग स्यू फाइकला लॅपटॉपची कड दाखवली. "ही काळ्या जिभेची खाच जुनी. निळ्या जिभेची वेगवान. तू काळीत घातलंयस." निळीत घातलं. फरक नाही. व्हायरस शोधणारा प्रोग्राम थोडा वेळ बंद केला. फरक नाही. त्याच खाचेत स्वतःचा पेन ड्राइव्ह लावला, तर अख्खा सिनेमा बघता बघता उतरला. डिस्क स्वतःच्या लॅपटॉपला लावली. तिथेही तेच. मग त्याला सुचलं म्हणून डिस्कवरचे फोटो उतरवून पाहिले. फोटो झरझर आले, टायरच्या दुकानाचे कागद झरझर आले.

"फक्त नाटकंच अडतात," तो म्हणाला. मग डिस्क परत स्यू फाइकच्या लॅपटॉपला जोडून म्हणाला, "आत टिकटिक चाललीय आंटी. जास्त दिवस काढणार नाही. जॉर्जटाऊनला माझ्या ओळखीचा एक आहे. डिस्क फोडून आतलं ओढून काढतो. निम्मं तरी हाती लागेल. चार वाजता माझी मोटरसायकल तिकडे जातेय."

स्यू फाइकने पुन्हा कॉपी लावली आणि गालावर हात ठेवून पडद्याकडे बघत बसली.

गेक चू कॉफी घेऊन आली आणि दारातच थबकली.

"तू कुठे बसलीयस?"

"खुर्चीत."

"महिना कुठला?"

"अमा, आता हे काय?"

"आपला सातवा महिना. गेलेली माणसं महिनाभर सुट्टीवर आलीयत. आणि नाटकाच्या पहिल्या रांगेत तू बूड टेकवून बसलीयस. राणीची नात ना तू? मांडवात पहिली रांग कोणासाठी मोकळी सोडतात, हे तुला शेजाऱ्यांनी शिकवायचं?"

"अमा, ही फाइल कॉपी होतेय. नाटक नाही चाललेलं."

"ऊठ."

स्यू फाइक हसत उठली. कोपऱ्यातला वेगाचा आकडा शून्याच्या आसपास घुटमळत होता. तो एक पूर्णांक नऊवर गेला आणि तिथेच थांबला.

झुलने घसा खाकरला. "योगायोग असेल."

स्यू फाइक क्वालालंपूरला पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. योगायोग म्हणून सोडून देणं तिला जमत नसे. ती बसली. शून्य. उठली. एक पूर्णांक नऊ. पुन्हा बसली, पुन्हा उठली. तिसऱ्या वेळी मात्र तिला बसवेना.

पहिलं नाटक तीन तास दहा मिनिटांचं होतं. उतरायला तीन तास दहा मिनिटं लागली. मिनिट कमी नाही, मिनिट जास्त नाही.

"एखादा माणूस बसून बघेल, तेवढ्याच वेगाने जातंय," ती म्हणाली. बोलून गेल्यावर तिने ओठ चावला.

चार वाजता झुल हेल्मेट घेऊन आला. "आंटी, टिकटिक वाढलीय. या वेगाने रविवार उजाडेल. मध्येच बंद पडली तर पुढचं सगळं गेलं, आणि मग जॉर्जटाऊनवालाही काही करू शकणार नाही. देताय?"

गेक चूने डिस्ककडे पाहिलं. मग रिकाम्या खुर्चीकडे.

"झुल, भर पावसात खेळ केलेत आम्ही. समोर कुत्रंसुद्धा नसायचं. तरी एकदा ढोल वाजला की शेवटच्या पदापर्यंत गायचं. माणसं नसली तरी बघणारे असतात."

"पण काकांचा आवाज..."

"गेला तर गेला," ती म्हणाली. "ज्याचा आहे, त्याला मध्येच उठवणार नाही मी."

झुल गेल्यावर तिने बशीत टरबुजाच्या बिया ओतल्या आणि टेबलाच्या कडेला, खुर्चीच्या उजव्या हाताशी ठेवल्या. "जन्मभर बॅटरी बघितलीस," ती पुटपुटली. "आता बघ."

गुरुवारी दुपारी स्यू फाइकने हाक मारली. नववं नाटक चालू होतं आणि पट्टी मागे सरकली होती. पट्टी मागे जात नसते, हे ती दोनदा म्हणाली.

"कुठून मागे गेली?"

"हिशेबाने दोन तास सहा मिनिटांवरून."

गेक चूचे कान तापले. निबोंग तबाल गावातला खेळ. राणीच्या विलापात डोक्यातला काटा निसटला आणि सगळे केस तोंडावर आले. ती तशीच गात राहिली. लोकांना वाटलं नाटकातच आहे. लोक रडले. एकटा केंग हुई हसला होता, इतका की कॅमेरा हलला. त्यावरून ती आठ दिवस त्याच्याशी बोलली नव्हती.

पट्टी तिथपर्यंत आली आणि पुन्हा मागे गेली. असं तीनदा झालं.

"निर्लज्ज मेला," गेक चू म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. बराच वेळ नळ नुसता वाहत होता.

शनिवारी बशी रिकामी झाली होती. सालं खुर्चीखाली पडली होती, मधोमध फुटलेली, दोन्ही पाकळ्या टोकाला चिकटलेल्या. स्यू फाइकने एक उचललं आणि लगेच टाकलं. ओलं होतं.

"उंदीर असतील, अमा."

"हो. दातांची कवळी लावलेले."

रविवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी एकतिसावं नाटक संपलं. टिकटिक थांबली. डिस्कवरचा निळा दिवा विझला. झुलने सगळ्या केबली लावून पाहिल्या, पण ती पुन्हा उठली नाही. तिच्यातलं काहीच वाया गेलं नव्हतं. लॅपटॉपवरून दोन नव्या डिस्कांवर सगळी नाटकं काही वेळातच उतरली.

स्यू फाइकने एक लावून दिलं. झांजा वाजल्या आणि त्यांच्या मागून, अगदी जवळून, केंग हुई खोकला. बी फुटल्याचा आवाज आला. गेक चू उभ्यानेच ऐकत राहिली. नातीने खांद्यावर ठेवलेला हात तिने एरवीसारखा झटकला नाही.

मग निघायची घाई झाली. झुल स्यू फाइकला बसस्टँडवर सोडायला निघाला. नव्या डिस्का कपाटात गेल्या, लॅपटॉप पिशवीत गेला. गेक चू जिन्यापर्यंत गेली, नातीला तीन सूचना दिल्या, एक टोमणा मारला आणि परत आली.

घरात ती एकटीच होती.

टेबलापाशी दोन खुर्च्या होत्या.

दुसरी तिचीच होती. स्वयंपाकघरातली, पाठीला उशी बांधलेली. ती कोणी आणली नव्हती. पहिलीला अगदी खेटून मांडलेली होती.

तिच्या खुर्चीवर रुमाल होता. निळ्या काठाचा, चौपदरी घडी घातलेला. शवपेटी बंद करायच्या आधी तिनेच तो केंग हुईच्या खिशात घातला होता.

"मला घाई नाही," गेक चू म्हणाली. आवाज नेहमीसारखाच, चढा.

पंखा फिरत होता. रुमालाचं टोक हलत नव्हतं.

तिने बशी उचलली, धुतली, पुन्हा बियांनी भरून टेबलावर ठेवली. जेवण तिने उभ्याउभ्याच उरकलं. रुमालाला हात लावला नाही. धरलेली जागा आपल्याकडे कोणी मोडत नाही.