मास्तरांचा लॅपटॉप परत आला

मास्तर पहिल्यांदा कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात आले ते चुकूनच. त्यांना जायचं होतं शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडे. त्याचं शटर खाली, म्हणून ते तिच्या काउंटरला टेकले आणि सहज विचारून बसले, "माझा लॅपटॉप फार रखडतो हो... काही करता येईल?"

तिने लॅपटॉप कानाशी धरला. आत कटकट चालली होती.

"डिस्क शेवटच्या घटका मोजतेय. नवी घालू. जुनीवरचं सगळं जसंच्या तसं नवीवर उतरवून देते. क्लोन म्हणतात त्याला. काही बदललंय हे तुम्हाला कळणारही नाही."

"काहीच नाही?"

"वेग सोडून."

मास्तर हसले. शाळेत भूमिती शिकवणाऱ्या माणसाने इतकं छान हसू नये, असं तिला उगीचच वाटलं आणि ती घाईघाईने स्क्रू मोजायला लागली. मोजणी दोनदा चुकली.

दुकान तिच्या मामाचं. आतल्या खोलीतलं डिस्क दुरुस्तीचं टेबल मात्र तिचं, म्हणजे ते तिच्याच नावावर करतो असं मामा वर्षभर म्हणत होता. भंगारात गेलेल्या डिस्कही तिने बोलत्या केल्या असत्या, असा तिचा लौकिक. पण या मास्तरांचा लॅपटॉप घरी गेला आणि दुसऱ्याच दिवशी परत आला. चालूच होईना. ती चूक तिची होती. सुरू होण्याची सेटिंग जुन्या पद्धतीची राहिली होती. तिने ती बदलली, कान पकडले, चहा पाजला. मास्तर दोन घोटांचा चहा अर्धा तास पीत बसले.

आठवड्याने पुन्हा तेच! काळा पडदा, डिस्क सापडत नाही. उघडून पाहते तर नवी डिस्क खाचेतून सुटलेली. म्हणजे स्क्रू आपणच नीट आवळला नाही? तिला जेवण गेलं नाही. आपले हात आपल्यालाच परके वाटायला लागले. मामा तर सरळ म्हणाला, "एकच गिऱ्हाईक दोनदा परत येतं म्हणजे दुकानाची अब्रू जाते, बाई. सोमवारपासून एक बाहेरचा माणूस बोलावलाय. तू बिलं बघ."

बिलं! लॅपटॉप परत देताना तिने खालच्या प्रत्येक स्क्रूवर स्वतःच्या लाल नेलपॉलिशचा एकेक ठिपका ठेवला. या धंद्यात बरेच जण असं करतात. कोणी कव्हर उघडलं तर ठिपका फुटतो.

आणि शनिवारी दुपारी मास्तर तिच्या आतल्या टेबलापाशी हजर. केस नीट विंचरलेले, शर्टाला कडक इस्त्री.

"पुन्हा... चालू होत नाहीये हो."

तिने लॅपटॉप उलटा केला. एकूण एक ठिपका फुटलेला.

"कव्हर कोणी उघडलं?"

"कव्हर? नाही, म्हणजे—"

"नाही म्हणजे काय? डिस्कला काय पाय फुटले?"

मास्तरांनी मान खाली घातली. "मी उघडलं. मागच्या वेळीही. परत यायला काहीतरी निमित्त..."

दुसरी एखादी लाजून चूर झाली असती. हिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"निमित्त? अहो, माउस घ्यायला यायचं! स्क्रीन पुसायचा कपडा घ्यायला यायचं! तुम्हाला इथे गंमत सुचतेय, आणि माझं टेबल चाललंय. सोमवारी माझ्या जागी दुसरा माणूस येतोय. का, तर माझ्या हाताचा भरवसा नाही! मामाला तसं वाटलं ते वाटलं, मलासुद्धा वाटायला लागलं होतं, मास्तर... कळतंय का तुम्हाला?"

शेवटच्या शब्दाला तिचा आवाज फुटला, आणि त्याचा तिला आणखीच संताप आला. मास्तरांचा चेहरा पांढराफटक पडला.

"मला खरंच माहीत नव्हतं."

"विचारलंत कधी?"

मास्तर वळले आणि थेट बाहेरच्या काउंटरवर गेले. तिथे मामा एका बाईंना प्रिंटर दाखवत होता.

"तुमच्या भाचीचं काम चोख होतं," मास्तर खणखणीत, वर्गातल्या आवाजात म्हणाले. "लॅपटॉप मी बिघडवला. दोनदा. मुद्दाम."

"मुद्दाम? का बुवा?"

मास्तरांचे कान लाल झाले. "मला त्या... आवडतात."

प्रिंटरवाल्या बाई किमतीचं विसरून बघायला लागल्या. मामाने चष्मा कपाळावर चढवला.

"भले! मुलगी आवडली म्हणून माझं दुकान बुडवायला निघालात?" मग त्याने फोन उचलला. "हॅलो, सोमवारी येऊ नका. हो हो, जागा भरलीय."

"आणि तू!" ती मामावर उखडली. "तू तरी विचारलंस का मला एकदा? बिलं बघ म्हणे!"

मामा डोकं खाजवत म्हणाला, "चुकलं, बाई. टेबल तुझंच."

मास्तर दाराशी घुटमळत होते. "मी... जाऊ?"

"सात वाजता दुकान बंद होतं. बाहेर उभे राहा. मला अजून पुष्कळ बोलायचंय तुम्हाला."

सातला ती बाहेर आली तेव्हा मास्तर खांबाला टेकून उभे होते, शिक्षा झालेल्या पोरासारखे. तिने चालता चालता तोंडाचा पट्टा सुरू केला. माणसाने इतकं भित्रं असावं? दोन शब्द बोलायला जीभ नाही आणि स्क्रू काढायला हात आहेत? मास्तर प्रत्येक वाक्याला "हो, चुकलं" म्हणत होते. एकदा मात्र हळूच म्हणाले, "रागावलात की तुमचं नाक..."

"नाकाचं काढू नका!"

"बरं."

कोपरा आला. तिचं घर डावीकडे, दहा पावलांवर. ती थांबली. मास्तरही थांबले.

"झालं बोलून?" त्यांनी भीत भीत विचारलं.

तिने डावीकडे पाहिलं. मग त्यांच्याकडे पाहिलं. राग होता तेवढाच होता. पण तो घेऊन एकटीने घरी जावं असं काही तिला वाटेना.

"छे! अजून निम्मंसुद्धा झालं नाही," ती म्हणाली, आणि सरळ पुढे चालायला लागली. "चला!"