रिकाम्या रस्त्यावरचे सात चेहरे

माझं काम सांगितलं की लोक आधी हसतात. मोबाइलच्या नकाशात रस्त्यांचे फोटो असतात ना, गाडीच्या टपावर कॅमेरा लावून काढलेले? त्यातल्या माणसांची तोंडं पुसट केलेली असतात. ती पुसायचं काम मशीन करतं आणि मशीननं नीट पुसलंय का ते बघायचं काम मी करते. जुळे सोलापुरातल्या आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये, कूलरसमोर टेबल लावून, सकाळी दहा ते पाच.

मशीन हुशार आहे म्हणतात. मला विचाराल तर ते अर्धवट आहे. चौकातल्या डिजिटल बोर्डवर वाढदिवसाच्या शुभेच्छा देणारे बावीस कार्यकर्ते असले तर बावीसच्या बावीस तोंडं पुसतं. देवळातल्या नंदीचं तोंड पुसतं. एकदा कलिंगडाच्या ढिगातलं एकच कलिंगड पुसलं आणि बाकीची सोडली. त्या एकात त्याला काय दिसलं देव जाणे. असे खोटे ब्लर मी काढायचे, आडोशाला अर्धंच दिसणाऱ्या तोंडांचे राहिलेले हातानं लावायचे आणि फोल्डर पुढं पाठवायचं. डोकं लागत नाही, डोळे लागतात.

गाडी चालवतो तो माझा धाकटा भाऊ, शिवू. त्याला मीच चिकटवला. टॉवेलच्या कारखान्यातलं काम सुटल्यापासून दोन वर्षं तो घरात पडून होता. दाढी वाढलेली, भिंतीकडं तोंड. आई, म्हणजे अव्वा, त्याच्या उशाशी ताट ठेवायची आणि तासाभरानं तसंच उचलायची. त्या दोन वर्षांत मी काय काय मनात आणलं ते सांगणार नाही. बाथरूमची कडी मीच काढून टाकली होती, एवढं पुरे. जानेवारीत तो त्या गाडीवर गेला आणि माणसात आला. संध्याकाळी उन्हानं लाल होऊन यायचा, गाडीमागं पळणाऱ्या कुत्र्यांच्या गोष्टी सांगायचा आणि चार भाकरी खायचा. त्याला असं खाताना बघून मला रडू यायचं, आणि रडू येतंय म्हणून मी त्याच्यावरच खेकसायचे.

एप्रिलातला मंगळवार होता. अकराला त्याचं पहिलं फोल्डर आलं. गाडीतूनच तासातासाला फोटो वर चढतात. विजापूर रोडनं शहर संपलं की आत नवी प्लॉटिंग पडली आहेत, तिथला रस्ता. मुरूम टाकलेला, दोन्ही बाजूंना सिमेंटचे ठोकळे, वेडी बाभूळ, मध्येच एक लिंबाचं झाड. माणूस नाही, जनावर नाही. असलं फोल्डर मला आवडतं, दहा मिनिटांत हातावेगळं होतं.

लिंबाच्या पुढं डाव्या कडेला ब्लर होते. सात. एका ओळीत.

मी पहिला काढून बघितला. ब्लर काढला की खालचा मूळ फोटो दिसतो. खाली मुरूम होता आणि वाळकं गवत. दुसरा काढला, तेच. सातही काढले. काही नाही.

पुढच्या फ्रेमला परत सात. आता मशीन चुकतं तेव्हा कसं चुकतं ते मला पाठ आहे. एका फ्रेमला दगडाला तोंड समजेल, पुढच्या फ्रेमला तोच दगड विसरेल. चूक जागेवर टिकत नाही. हे सात टिकले होते. गाडी जवळ गेली तसे मोठे झाले, पुढं गेली तसे मागं राहिले, प्रत्येक आपापल्या जागी. दोन ब्लरांमधलं अंतरही सारखं. चाळीस फ्रेमा मी पुढं-मागं करून बघितल्या.

लेन्सवर धूळ असेल म्हणावं तर धूळ गाडीबरोबर फिरते. उन्हाची झळ म्हणावं तर ती सरळ ओळ धरत नाही.

"कोण बसल्यात गं हे?"

अव्वा माझ्या मागं उभी होती, हातात शेंगाचटणीची वाटी. तिला ब्लर म्हणजे काय ते माहीत नाही, मी कधी सांगितलं नाही.

"कोणी नाही बसलेलं, अव्वा. मशीनची चूक आहे."

"मग तोंडं कशी दिसत्यात? हे बघ की." तिनं बोट काचेवर टेकवलं. "उभारलेल्या माणसाचं तोंड इतकं खाली न्हाय येत. मांडी घालून बसलं की इतकंच येतंय."

मी शेजारच्या सिमेंटच्या ठोकळ्यावरून उंची धरली. सव्वादोन-अडीच फूट. म्हातारीचं बरोबर होतं.

"आपल्यात बसवूनच माती देतात की," अव्वा म्हणाली. "तुझ्या अप्पाला बसवलं तवा..." ती वाटी टेबलावर ठेवून आत गेली आणि नंतर बराच वेळ भांडी घासत राहिली.

आमच्यात मेलेल्या माणसाला आडवं करत नाहीत, बसवून पुरतात. मला ते ठाऊक नव्हतं असं नाही. पण मी कॉम्प्युटर क्लासात सहा वर्षं शिकवलेली बाई. प्लॉटिंगच्या आधी तिथं काय होतं, हे विचारायला मी कुणाकडं गेले नाही. ते फोल्डर डोळ्यांसमोर नको, एवढंच मला झालं होतं. एका फ्रेमला पाचच्या वर खोटे ब्लर असले तर अख्खं फोल्डर रिजेक्ट करता येतं. मी रिजेक्ट दाबलं. कटकट गेली म्हणून गटागटा पाणी प्यायले.

संध्याकाळी शिवू आला. चप्पल काढता काढताच म्हणाला, "अक्का, कुणीतरी शहाण्यानं आजचं फोल्डर रिजेक्ट मारलंय. उद्या परत तिकडंच जायचंय."

रिजेक्ट केलेलं कचऱ्यात जातं असं मी आठ महिने धरून चालले होते. मी तोवर दोनच फोल्डर रिजेक्ट केली होती, तीही शिवू लागायच्या आधी. तो रस्ता परत काढायला त्याच गाडीला, त्याच ड्रायव्हरला पाठवतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं.

"नको जाऊस तिकडं," मी म्हणाले.

"का?"

काय सांगणार? सात कलिंगडं दिसली म्हणून?

"रस्ता खराब आहे."

"रस्ता खराब म्हणून न्हाय जात म्हणलं तर परवापासून घरीच बसवतील की मला." तो हसला. "लिंबाखाली सावली चांगली हाय तितं. उद्या डबा तितंच खातो."

घरी बसवतील म्हणाला आणि मी त्याचं ताट वाढायला घेतलं. भिंतीकडं तोंड केलेली ती दोन वर्षं मला परत नको होती. चुकलंच माझं. त्याच वेळी त्याच्या हातातली किल्ली हिसकावून घ्यायला हवी होती.

बुधवारी मी दहापासून स्क्रीनसमोर होते. दुसरं काही केलं नाही. पावणेदोनला त्या रस्त्याचं फोल्डर आलं.

लिंबाचं झाड. सिमेंटचे ठोकळे. डाव्या कडेला ओळ.

सहा.

मी तीनदा मोजले. तिसरा नव्हता. दुसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये त्याची जागा तेवढीच मोकळी होती. बाकीच्यांनी सरकून घेतलेलं नव्हतं.

फोटोची वेळ बघितली. एक वाजून चार मिनिटांची फ्रेम आणि त्यानंतरची एक वाजून एकतीसची. मध्ये सत्तावीस मिनिटं गाडी उभी होती. चारच्या फ्रेमला सात होते, एकतीसच्या फ्रेमपासून सहा.

शिवूला फोन लावला. लागला नाही. परत लावला. अव्वानं आतून विचारलं, कुणाला फोन करतीस? "शिवूला," मी म्हणाले आणि परत लावला.

पावणेतीनला पुढचं फोल्डर आलं. आसरा चौकाकडून येणारा रस्ता. माणसं, रिक्षा, उसाच्या रसाचे गाडे, सगळ्यांना नेमके ब्लर. उजव्या हाताला टाइल्सचं मोठं शोरूम आहे, अख्खी दर्शनी भिंत काचेची. त्या काचेत आमची गाडी दिसत होती.

मागच्या सीटवर, खिडकीशी, एक ब्लर होता.

मी तो काढला. खाली सीट होती. सीटचं कव्हर, त्यावर हार्डडिस्कचा डबा. बाकी काही नाही. मी ब्लर परत लावला. का लावला ते विचारू नका.

मग मी ड्रायव्हरच्या सीटकडं बघितलं. तिथं शिवू होता. निळा शर्ट, खिशाला पेन, कपाळावरचा घाम. हनुवटीवरचा लहानपणीचा व्रण. सगळं लख्ख दिसत होतं.

त्याच्या तोंडावर ब्लर नव्हता.

नंदीला माणूस समजणारं मशीन. कलिंगडाला माणूस समजणारं मशीन. आठ महिन्यांत ते नको तिथं हजार वेळा चुकलं, पण समोर दिसणारा माणूस त्यानं एकदाही सोडला नव्हता.

पुढं मोबाइलचं दुकान होतं. काच. मागं ब्लर, पुढं शिवू कोरा. मग बँक. मग दवाखान्याचं दार. चौदा फ्रेमा. चौदाही फ्रेमांत तेच.

फोन लागला.

"शिवू, गाडीत मागं कोण बसलंय?"

"कोण न्हाय. डबा हाय हार्डडिस्कचा." मग म्हणाला, "का गं सारखं तेच विचारतीस?"

"सारखं कुठं? आत्ताच विचारलं."

"मघाशी पण विचारलीस की. जेवण झाल्यापासून दोन-तीनदा. कोण बसलंय, कोण बसलंय."

"फोनवर?"

मागं रिक्षाचा हॉर्न वाजला.

"फोनवर न्हाय वाटतं," तो म्हणाला. आवाज लहान मुलासारखा झाला होता. "मला वाटलं तूच हायस."

"गाडी तिथंच सोड. किल्ली आत राहू दे. आत्ताच्या आत्ता रिक्षात बस आणि घरी ये. नोकरी गेली खड्ड्यात."

"येतो."

"मागं बघू नकोस."

"बघत न्हाय."

मी हातपाय गोळा करून बसले. नुसतं बसवेना. म्हणून जे येतं ते केलं. चौदा फ्रेमा परत उघडल्या आणि शिवूच्या तोंडावर एकेक ब्लर हातानं लावला. नियमच आहे, माणसाचं तोंड उघडं राहिलं तर आपण झाकायचं. प्रत्येक ब्लर लावताना मी मनात म्हणत होते, हा माणूस आहे. हा माझा भाऊ आहे. मोजा याला. चौदा झाले आणि मी फोल्डर पाठवून दिलं.

सव्वातीनला बेल वाजली. दार मीच उघडलं. शिवू होता. धापा टाकत होता, जिन्यानं आला असणार. मी त्याचा दंड धरला. उन्हातून आलेल्या माणसाचा असतो तसा गरम होता. माझ्या जिवात जीव आला.

"बैस," मी म्हणाले. "बैस आधी."

तो टेबलाशेजारी भिंतीला टेकून खाली बसला. "अव्वाला ताक आण म्हण की," म्हणाला. "लई तहान लागल्या."

"अव्वा, ताक आण गं," मी हाक मारली. आतून रवीचा आवाज आला.

स्क्रीनवर मेसेज आला होता. हातानं लावलेले ब्लर दुसरं कुणीतरी तपासतं. माझे ब्लर पुण्याची राजेश्वरी म्हणून एक बाई तपासते. तिला मी कधी पाहिलेलं नाही. कामाला चोख आहे, बोलायला गोड आहे. चौदाही ब्लर तिनं काढून टाकले होते. खाली लिहिलं होतं:

"मॅडम, ड्रायव्हरची सीट रिकामी आहे. मागच्या सीटवर व्यक्ती बसलेली आहे, तिचा चेहरा व्यवस्थित ब्लर झाला आहे. कृपया रिकाम्या जागी ब्लर लावू नये."

मी वाचलं. परत वाचलं. मग मान वळवून शिवूकडं बघितलं. तो माझ्याकडंच बघत होता. हनुवटीवरचा व्रण, कपाळावरचा घाम, खिशाला पेन.

"काय झालं, अक्का?"

अव्वा बाहेर आली. हातात एकच पेला होता. शिवूच्या पसरलेल्या पायांतून ती सरळ चालत आली, कुठं अडली नाही. पेला माझ्या टेबलावर ठेवला आणि पदरानं तोंड पुसत दाराकडं बघितलं.

"शिवूला फोन लागला का गं?" ती म्हणाली. "ऊन लई हाय. लवकर ये म्हणावं."

पेला घ्यायला शिवूनं हात पुढं केला होता. तो तसाच राहिला.