टाकीवरचा समुद्र

"लहरें तीन मीटर! तीन! आज कोई पानी में नहीं उतरेगा!"

राखी रिकामा हंडा कमरेवर घेऊन जागच्या जागी थांबली. आवाज वरून आला होता, थेट गावच्या पाण्याच्या टाकीवरून. आणि त्या टाकीत तर घोटभर पाणी नव्हतं!

तिनं मान वर केली. शिडीच्या अगदी टोकाला एक उंच, सावळा तरुण एका हातानं कठडा आणि दुसऱ्या हातानं फोन धरून उभा. केस विस्कटलेले, शर्ट वाऱ्यानं फुगलेला...

"ओ भाऊऽ!" ती खालून ओरडली. "लाटा कुठी दिसून राह्यल्या तुम्हाले? आमच्या नळाले तर करंगळीएवढी धार नाही!"

त्यानं खाली पाहिलं. आणि हसला. असा काही हसला, की आजवर अख्ख्या गावाला 'भाऊ' म्हणत आलेल्या राखीला पहिल्यांदाच त्या शब्दाचा पश्चात्ताप झाला.

तो उतरून खाली आला. जानराव टेलरचा ज्ञानेश्वर. शिकायला म्हणून लहानपणीच गाव सोडून गेला तो थेट पोर्ट ब्लेअरला नोकरीला लागला होता. अंदमान-निकोबारच्या बेटांना वादळ कधी गाठेल, लाटा किती उंच उठतील, हे आधी सांगायचं, हेच त्याचं काम. कोळ्यांना, नावाड्यांना, आणि फळीवर उभं राहून लाटेवर स्वार होणाऱ्या त्या वेड्या पोरांनाही! दिवाळीला तो घरी आला होता, पण समुद्र थोडाच सुट्टी घेतो? आणि पिंपळगाव राजाच्या अलीकडच्या या वाडीत फोनला रेंज मिळायची ती फक्त टाकीवर.

"म्हणजे पाणी तिकडं, अन बोंबा इकडं?" राखीनं भुवई उडवली.

"बोंबा नाही, अंदाज म्हणतात त्याले. तुयं नाव काय?"

"राखी."

तो पटकन एक पाऊल मागं सरकला. "बाप रे! अन आताच तू मले भाऊ म्हटलं..."

"मग?"

"मग काही नाही. तेवढं वापस घे."

ती हंडा तिथंच विसरून घरी आली. आई म्हणाली, "पाणी कुठी हाय?" राखी म्हणाली, "समुद्रात!"

त्यानंतर राखीच्या घरात सगळ्यांना फार तहान लागायला लागली. सकाळी हंडा, संध्याकाळी हंडा. टाकीखाली उभं राहून ती विचारायची, "आज किती?" वरून उत्तर यायचं, "दीड मीटर. शांत. पोरं मजेत लाटेवर बसून राह्यली." "अन तुम्ही?" "मी... मी तर कालपासूनच बुडालो." मग दोघंही उगाच आभाळाकडं बघायचे.

पण राखीचं खरं लक्ष होतं ते नाल्यापलीकडच्या वावरात.

मागच्या साली बीटी बियाणं असूनही गुलाबी बोंडअळीनं कपाशीचं अर्धं वावर पोखरलं होतं. तिचे बाबा, रामराव, कपाशीचं नावसुद्धा काढू देत नव्हते. राखीच हट्टाला पेटली. "एक साल मले द्या. वावर माह्या हाती द्या." तिनं वेळेवर पेरलं, अळीचे सापळे टांगले, रोज दहा-वीस बोंडं फोडून आत डोकावली. बाबांनी पैज लावली. "कापूस पांढराशुभ्र घरी आला, तर अकोल्याले शेती शिकाले जाय. नाही तर दिवाळीनंतर जालन्याचे पाहुणे तुले पाहाले येतीन. मंग कटकट नाही."

आणि आता ते वावर चांदण्यासारखं फुललं होतं. सोमवारी वेचणी सुरू होणार होती.

बुधवारी मात्र ज्ञानेश्वर टाकीवरून काहीच ओरडला नाही. खाली आला तो फोनमध्येच डोळे घालून. फोनवर एक पांढरा भोवरा गरगरत होता.

"हे काय?"

"वादळ. आज अंदमानवर हाय. नावा साऱ्या काठाले ओढून घ्याले लावल्या. तिथून ते आंध्राले धडकन... मंग त्याची शेपटी..." तो थांबला.

"शेपटी कुठी?"

"काही नाही."

"ज्ञानेश्वर." तिनं पहिल्यांदाच नाव घेतलं. "शेपटी कुठी?"

"...इकडं. शनिवारच्या आसपास. पण मी असं म्हटलं नाही, बरं का! तू वेचणी आधी घेशीन, अन पाऊस नाही आला तर? अर्धी बोंडं बंद राहतीन, बाया दुसरीकडं जातीन, तुया बाबाची पैज..."

"तिथं हजार लोकांले बिनधास्त सांगता. मले सांगाले काऊन भेता?"

तो मातीत पायानं रेघ ओढत राहिला. कान लालबुंद. "ते हजार लोक... त्यातलं कोणी मले रोज 'आज किती' नाही विचारत."

राखीनं ती रेघ पायानं पुसून टाकली. मग वळली आणि त्याला म्हणाली, "चला गोजरबाईकडं."

गोजरबाई म्हणजे वेचणीच्या बायांची मुकादम. ती म्हणेल तेव्हा वेचणी, ती म्हणेल तेव्हा जेवण. तिनं पानाला चुना लावता लावता दोघांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"सीतादही सोमवारी ठरलं हाय. वावरात दहीभात शिंपडल्याबिगर, पहिल्या कापसाची वात लावल्याबिगर माही एकबी बाई बोंडाले हात नाही लावणार. अन हा टेलरचा पोरगा मले पाऊस सांगते! समुद्र पाह्यला काय याच्या बापानं?"

"बापानं नाही, मावशी, मी पाह्यला." ज्ञानेश्वर हळूच म्हणाला. "तिथंबी नारळ फोडल्याबिगर नाव पाण्यात जात नाही. पण वादळ दिसलं की मुहूर्त नाही पाहात. आधी नाव वाचवतात. पूजा बंद नाही करत, मावशी... पूजा अलीकडं ओढतात."

गोजरबाईचा चुन्याचा हात थांबला.

"दही हाय घरी?"

"हाव!" राखी जवळजवळ उडालीच.

"मंग उद्या सकाळी. पण या समुद्रवाल्यानं बी वेचाचं. पाऊस नाही आला, तर साऱ्या बायांसमोर त्याचे कान ओढीन मी!"

गुरुवारी दहीभात शिंपडला, वात उजळली, आणि दव वाळताच कपाशीच्या ओळीओळींत, तासातासांत बाया शिरल्या. ज्ञानेश्वरच्या कमरेला लुगड्याची झोळी बांधली, तेव्हा हसून हसून बायांच्या डोळ्यांत पाणी! त्याच्या कापसात पाला जास्त आणि कापूस कमी. बोंडाच्या टोकांनी बोटं ओरबाडून निघाली.

"असं नाही," राखी शेजारच्या तासातून म्हणाली. "ओढू नका. बोंडाले तीन बोटांनी धरायचं अन हलकेच... ते स्वतःहून येते."

"सगळंच येते का? हलकेच धरलं तर?"

"वेचा गुमान!" ती खाली वाकली, म्हणून तिचा चेहरा कोणाला दिसला नाही.

शुक्रवारी ऊन. शनिवारी तर असं कडकडीत ऊन, की चिमण्यासुद्धा सावली शोधत होत्या. पारावरची माणसं ओरडायची, "काय बे ज्ञानेश्वर, लाट आली काय?" दुपारी गोजरबाईनं झोळी सोडली. "पोरी, लई झालं. दुसऱ्याचं वावर पाह्यतो आता." जाता जाता तिनं ज्ञानेश्वरचा कान धरलाच. पण ओढला नाही, नुसता धरला.

नाल्याकडचा पट्टा वेचायचा राहिला होता. ज्ञानेश्वर बांधावर बसला. "माह्या पायी तुयं नुकसान झालं. माफ कर, राखी."

"उठा."

"काऊन?"

"पट्टा बाकी हाय." तिनं झोळी त्याच्या अंगावर फेकली. "मी तुमच्या फोनवर भरवसा नव्हता ठेवला. तुमच्यावर ठेवला. अन तो काय एका उन्हानं वाळते काय?"

रविवारी सकाळपासून राखी, तिची आई आणि तो, तिघंच. दुपारी वारा एकाएकी पडला. मग अकोल्याच्या दिशेनं काळीभोर भिंत चढत आली. आई शेवटची गाठोडी बैलगाडीत टाकून पुढं निघाली. ही दोघं एक गाठोडं डोक्यावर धरून मागून धावत सुटली. हसत, ठेचाळत, एकमेकांना "पळ, पळ!" म्हणत. ओसरीत पाय ठेवला, आणि मागं आभाळ फुटलं.

पारावरची माणसं आपापल्या वावराकडं धावत होती. ते बघून राखीचं हसू मावळलं. तिनं गाठोडं खाली ठेवलं आणि ज्ञानेश्वरला म्हणाली, "पुढच्या बारीले साऱ्या गावाले सांगाचं. टाकीवरून, भोंगा लावून." त्यानं मान हलवली. त्याचेही डोळे रस्त्यावरच होते.

आत माजघरात कापूस छताला टेकला होता. कोरडा, पांढराशुभ्र. रामरावांनी मूठभर उचलला, दोन बोटांत तंतू ताणून पाहिला, परत ठेवला.

"जिंकली तू," ते म्हणाले. "जाय अकोल्याले. जालन्याच्या पाहुण्यांले नाही म्हणून सांगतो. कोणीच नाही येणार तुले पाहाले."

"एकाले येऊ द्या बाबा." राखीच्या तोंडून निघून गेलं... आणि मग तिनं ते परत घेतलंच नाही. मान ताठ केली. "पण आता नाही. माही पदवी झाल्यावर. तोवर तिकडून फोन करत राह्यलं तरी चालन."

"कोणाले?" रामरावांना खरंच कळलं नव्हतं.

ओसरीच्या कडेला, पावसातच बैल गोठ्यात बांधून आलेला ज्ञानेश्वर नखशिखांत भिजून उभा. केसांतून पागोळ्या गळत होत्या, कानामागं कापसाचा एक पुंजका चिकटलेला. त्यानं आधी रामरावांकडं पाहिलं, मग राखीकडं, मग स्वतःच्या ओरबाडलेल्या बोटांकडं.

"चार वर्षं लागतीन पदवीले," तो म्हणाला.

"मग?"

"मग काही नाही." तो हसला, अगदी पहिल्या दिवशीसारखा. "अकोल्याले रेंज चांगली राहते."