अकरा राउटर, बारा फेऱ्या

पुसदच्या बसस्टँडमागं साधनाचं कम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. पोरगी कामात पक्की आणि जिभेनं तिखट. तिथं एका सोमवारी पतसंस्थेतला अंकुर शिरला, काखेत जुना राउटर.

"हा विकाचा हाये. घेता का?"

साधनानं वायर जोडली, लॅपटॉपात डोकावली आणि कपाळाला हात लावला. "अहो, पतसंस्थेचे सारे पासवर्ड आत तसेच! दागिने काढल्याबिगर कपाट विकाले निंगाले काय?"

अंकुरचं तोंड एवढंसं झालं. "असे अकरा हायेत... पुसून द्याल?"

"देईन. पन समोर बसा लागते. मागून मले बोल नको."

दुकानाचा नियमच तो. पुसायचं ते आणणाऱ्याच्या डोळ्यांदेखत, मग राउटरखालचा नंबर वहीत टाकून चिठ्ठी.

शहाण्यानं अकराही एका पोत्यात आणले असते. हा रोज एकच आणी! काम पाच मिनिटांचं, बसे तासभर. कधी गरम आलुबोंडे आणी, कधी नुसताच बघे — आणि नजर भिडली की पंख्याकडे.

"सारे एकदम काहून नाई आनत?"

"पाठ दुखते माही."

"पंचविशीतच?"

ती हसली नाही. पण हल्ली तिलाही त्या कामाला अर्धा तास लागे — वायर नीट बसत नाही म्हणे!

अकरावा पुसून झाला. "सोमवारपासून गावाकडे, मुकुटबनच्या शाखेत बदली हाये," अंकुर दारातून म्हणाला. ओठ हलले... "बरं, येतो." गेला! बोलला असता तर जीभ झिजली असती? आणि आपण होऊन बोलेल ती साधना कुठली! त्या दिवशी तिला जेवण गोड लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी शटर वर जातं न जातं, तोच हा हजर.

"एक राह्यलता..."

तिनं वायर जोडली. आत काहीच नाही, सारवलेल्या अंगणासारखं कोरं. उलटा करून नंबर वहीशी ताडला.

"हा तं मीच पुसला मंगळवारी!"

अंकुर कानापर्यंत लाल. "साहेबाचा चालू राउटरच काढून आननार होतो... पन नोकरी गेली असती."

"मंग आले कायले?"

"तुमच्यासाठी." या खेपेला नजर पंख्याकडे गेली नाही. "माह्यासंगं लगन करान?"

साधनानं सावकाश वायर गुंडाळली. गाल मात्र ऐकेनात.

"मुकुटबनहून पहिली एस्टी कितीले सुटते?"

"सहाले..."

"तिच्यात बस पुढच्या रविवारी. आन् मायले संगं आन — राउटर नको आनू!"